संबळाला इस्त्री: एफएल स्टुडिओवरून रीपरवर, तेही अल्बम अर्धा असताना

हे एकाच अल्बमचं प्रकरण आहे. देवीची पाच गाणी, घटस्थापना ३ ऑक्टोबर २०२४ला, आणि मी जुलैच्या मध्यात, दोन गाणी अर्धी झालेली असताना, ज्यावर गाणी बनवायचो ते एफएल स्टुडिओ सॉफ्टवेअर सोडून रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं. भर पावसात छपराची कौलं काढायला घेतल्यासारखं. घरच्यांपासून सगळ्यांनी वेड्यात काढलं आणि त्यांचं फार चुकलं असं नाय म्हणणार मी. पण नेमकं काय हललं, काय अडलं, काय तिथंच राहिलं ते लिहून ठेवतोय, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत 'कोणतं भारी' यावरची भांडणंच जास्त दिसली, प्रत्यक्ष सामान हलवलेल्या माणसाचं लिहिलेलं मला तरी काही सापडलं नाय.

सेटअप काही मोठा नाय. इचलकरंजीत घराच्या वरची खोली, १० बाय ११, भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या, तीन माइक, ते पीसीला जोडायला चार इनपुटचा इंटरफेस, १६ जीबी रॅमचा विंडोज पीसी. खालच्या गल्लीत माग आहेत त्यामुळे रेकॉर्डिंग कधी करायचं हे मी नाय, माग ठरवतात. २०१२पासून एफएलवर काम, सुरुवात अर्थातच मित्राच्या पेनड्राइव्हवरून (कोण खरं बोलतं याबाबतीत), मग पहिले बरे पैसे आले तेव्हा प्रोड्यूसर एडिशन विकत घेतली. एकदा घेतली की पुढची सगळी अपडेट्स फुकट, हे एफएलचं मला आजपण कौतुक वाटतं. बेल्जियमच्या इमेज-लाइनने १९९७ला फ्रूटीलूप्स नावानं काढलं, २००३ला नाव बदललं, पण आमच्याकडची जुनी डीजे पोरं अजून 'फ्रूटी'च म्हणतात.

आणि बीट बनवायला ते भारीच आहे. चॅनल रॅकमधे, म्हणजे ठेका मांडायच्या खिडकीत, टकाटक चौकटी भरल्या की हलगीचा ठेका दोन मिनिटांत उभा. पियानो रोल, म्हणजे नोटा मांडायची खिडकी, तर असा की दुसरीकडं गेलेला माणूस रात्री त्याच्या आठवणीत झुरतो. बारा वर्षं मी मिरवणुकीचे रिमिक्स, वाढदिवसाची गाणी, निवडणुकीची गाणी सगळं त्याच्यावर केलं आणि एकदाही वाटलं नाय की काही कमी आहे.

अडलं ते अण्णांमुळं. अण्णा संबळ वाजवतात, पिढीजात गोंधळी, वय साठीच्या पुढं. त्यांना हेडफोनमधे क्लिक, म्हणजे ताल धरायची टकटक, दिली तर दोन मिनिटांत हेडफोन काढून बाजूला ठेवला, "ह्यो कोन टकटक करतोय कानात, मला वाजवू दे की." म्हटलं ठीक आहे, क्लिकशिवाय वाजवा. संबळ दोन माइकवर, तुणतुणं तिसऱ्यावर, एका दमात सहा मिनिटं. सुरुवातीला टेम्पो ९२च्या आसपास आणि शेवटाला १०४. ही चूक नाय हे आधीच सांगतो, गोंधळात लय चढतच जाते, देवीला बोलावणं असतंय ते, शेवटी पण त्याच चालीत राहिला तर बोलावलंच कशाला.

पण माझ्या प्रोजेक्टचा टेम्पो ९६, एकच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मग मी काय केलं, संबळाचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा ताणून किंवा दाबून ९६च्या ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या चौकटीवर, बसवला, दोन रात्री गेल्या त्यात, आणि वर बास, स्ट्रिंग्ज, कोरस सगळं चढवलं. अण्णांना ऐकायला बोलावलं. चहा घेतला, डोळे मिटून निम्मं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "ह्ये मी वाजवल्यालं न्हाई."

मी म्हटलं अण्णा, तुमचंच आहे, हे बघा रेकॉर्डिंग.

"माझंच हाय, पर इस्त्री फिरवलीयास तू त्याच्यावर."

एफएलमधे टेम्पो बदलता येत नाय असं अजिबात नाय, टेम्पोला ऑटोमेशन देता येतं, म्हणजे गाण्यात तो आपोआप कमीजास्त करता येतो. पण वाजवणाऱ्याच्या मागं मागं ग्रिड न्यायची, म्हणजे आधी माणूस आणि मग मोजपट्टी, हे मला बारा वर्षांत तिथं हाताला बसलं नव्हतं, कारण माझी कामाची सवयच उलटी होती, आधी चौकट आणि मग त्यात माणूस. दुसरं कारण कोरस. आठ बायका, प्रत्येक ओळीचे पाच-सहा टेक, त्यातले बरे तुकडे निवडून जोडायचे. तेही करता येतं, पण मी करायचो तेव्हा प्लेलिस्ट, म्हणजे एफएलमधे गाण्याचे तुकडे मांडायची खिडकी, तिचा आठवडी बाजार व्हायचा.

पर्याय बघितले. लॉजिक मॅकशिवाय चालत नाय, २००२ला ॲपलने इमॅजिक कंपनी घेतली तेव्हाच विंडोजवाल्यांचा विषय संपला. क्युबेस चांगलं आहे, माझ्या बजेटला जड. एबल्टन स्टेजवरच्या कामाला छान, मला ती गरज नव्हती. रीपर म्हणजे जस्टिन फ्रँकेलच्या कॉकॉस कंपनीचं, हा तोच माणूस ज्यानं विनॅम्प बनवलं होतं, म्हणजे सायबर कॅफेच्या काळात आपण त्याचंच खाल्लंय. साठ दिवस पूर्ण चालतं, काहीही कुलूपबंद नाय, नंतर साधं लायसन्स ६० डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण पाच हजार रुपये. धंद्याचं वार्षिक उत्पन्न २०,००० डॉलरच्या वर असेल तर मात्र २२५वालं घ्यायचं. माझं उत्पन्न बघता तो प्रश्न पुढच्या जन्मी. साठ दिवस म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, तोवर कळेलच जमतंय का, असा हिशोब करून उतरलो.

आता सामान हलवणं. पहिली गोष्ट, एफएलचा प्रोजेक्ट रीपरमधे उघडत नाय. तुम्ही फक्त तीन गोष्टी नेऊ शकता: तयार आवाज, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल, नोटा म्हणजे मिडी, आणि बाहेरचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायची वाद्यं-इफेक्ट, ज्यांची सेटिंग त्यांच्या स्वतःच्या फाइलमधे सेव्ह होते. बाकी मिक्सर, ऑटोमेशन, एफएलचे घरचे इफेक्ट, सगळं जुन्या घरात राहतं.

एक्स्पोर्टमधे 'स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स' टिक केलं आणि चहाला गेलो. येऊन बघतो तर ३१ फाइली, त्यातल्या १९ची नावं इन्सर्ट ४, इन्सर्ट ७, इन्सर्ट २२ अशी, कारण बारा वर्षांत मी मिक्सरच्या ट्रॅकला नाव द्यायचे कष्ट कधी घेतले नाहीत. कुठली झांज, कुठला श्वास, कुठला नुसता रिव्हर्ब, एकेक ऐकून नाव द्यायला पूर्ण संध्याकाळ. वर पहिला एक्स्पोर्ट २४ बिटला केलेला. एफएलच्या आत सगळं ३२ बिट फ्लोटमधे चालतं, त्यामुळं एखादा ट्रॅक शून्य डीबीच्या वर लाल होत असला तरी मास्टरला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथं, येईपर्यंत खाली आणला की काही बिघडत नाय, पण २४ बिटच्या फाइलला ते वरचं डोकं सरळ कापलं जातं. संबळाची धुम्म जिथं जोरात पडते तिथं बरोबर चरचर. परत सगळं ३२ बिट फ्लोटला काढलं. सहा मिनिटांची एक स्टिरिओ फाइल ४४.१ला साधारण १२७ एमबी, गुणिले ३१, म्हणजे एका गाण्याचे जवळजवळ ४ जीबी.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागणारी. मिडी काढायच्या आधी एफएलमधे एक मॅक्रो चालवावा लागतो, 'प्रिपेअर फॉर मिडी एक्स्पोर्ट', तो सगळ्या वाद्यांच्या जागी मिडी आउट बसवतो, म्हणजे आवाज काढणारी वाद्यं प्रोजेक्टमधून गायब. हे कॉपीवर करायचं असतं. मीही 'कॉपीवर करायचं' असं म्हणत म्हणतच मूळ फाइल उघडली, मॅक्रो चालवला, मिडी काढली आणि हाताला दर दोन मिनिटांनी कंट्रोल एस दाबायची सवय, दाबलं. वाद्यं गेली. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो शत्रूलाही येऊ नये. एफएल स्वतःच बॅकअप फोल्डरमधे जुन्या कॉप्या ठेवतं, त्यातली अर्ध्या तासापूर्वीची सापडली म्हणून वाचलो. त्या दिवसापासून हलवायच्या प्रत्येक गाण्याचं आधी झिप पॅकेज काढून दुसऱ्या डिस्कवर आणि मिक्सरचे मोबाइलवर फोटो, मगच हात लावायचा.

मिडीत अजून एक गोष्ट मेली. सनईसारखा एक लीड मी सायट्रस या एफएलच्या वाद्यावर केला होता, त्यातली मींड सगळी स्लाइड नोटांनी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणाऱ्या नोटांनी. स्लाइड नोट ही एफएलची घरगुती बोली आहे, एफएलच्या स्वतःच्या वाद्यांनाच ती कळते, १९८३च्या मिडीला तसला शब्दच माहीत नाय, तिथं पिच बेंड असतो, आणि तो अख्ख्या चॅनलला लागतो, एका नोटेला नाय. त्यामुळं रीपरमधे तो लीड उघडला तर सनई नाय, पेटी शिकणारं पोरगं वाजवतंय असं.

सगळ्या वेव्ह फाइली रीपरमधे एकाखाली एक टाकल्या, फेडर सगळे शून्यावर, प्ले. आणि पहिली प्रतिक्रिया जी मी कितीतरी लोकांकडून ऐकलीय तीच: आवाज पातळ आहे, एफएलचं इंजिन भारी होतं. मी तर मित्राला तसा व्हॉइस मेसेजपण पाठवला. मग शंका आली म्हणून खात्री करून घेतली. एफएलच्या मास्टरवर जे काही आहे ते बंद करून अख्खं गाणं काढलं, रीपरमधे त्या ३१ ट्रॅकच्या खाली टाकलं आणि त्याचा फेज उलटा केला. दोन्ही सारखे असतील तर एकमेकाला खाऊन टाकतात आणि ऐकू काहीच येत नाय. तसंच झालं, जवळजवळ शांतता, फक्त कोरस इफेक्ट आणि रिव्हर्बचा थोडा भुसा उरला, कारण ते दर वेळी थोडे वेगळे वाजतात. म्हणजे इंजिन बिंजिन काही नाय. नवीन प्रोजेक्ट उघडला की एफएलच्या मास्टरवर आधीपासून एक लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा इफेक्ट, बसलेला असतो, तो मी बारा वर्षं कधी काढलाच नव्हता, सगळी गाणी त्याच्यावर आपटत होती आणि मी त्याला 'माझा साउंड' म्हणत होतो.

हे मला जरा लागलं. मग जुन्या गाण्यांकडं त्याच नजरेनं बघत बसलो. इंट्रो आठ बारचा, दर आठव्या बारला तोच फिल, कारण पॅटर्न कॉपी करायला सोपा. टेम्पो निम्म्याहून जास्त गाण्यांचे नवीन प्रोजेक्टला जो आकडा आपोआप येतो त्याच्याच आजूबाजूला. लोक म्हणायचे ऐकलं की कळतं तुझं गाणं आहे. त्यातलं माझं किती आणि टेम्प्लेटचं किती, हे सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय मला कळलं नसतं. आणि रीपर दुधखुळं नाय, त्याचेपण स्वतःचे हट्ट असणार, ते मला पाच वर्षांनी कळतील.

हाताचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे नुसता वैताग. एफएलमधे राइट क्लिक म्हणजे पुसणं, बोटाला तेच माहीत. रीपरमधे राइट क्लिक केलं की मेनू उघडतो. दिवसातून शंभर वेळा मेनू उघडायचा आणि मी शिव्या द्यायचो. शेवटी माउस मॉडिफायर्समधे जाऊन राइट ड्रॅगला नोटा पुसायला लावलं तेव्हा जीवात जीव आला. रीपरमधे असं जवळजवळ सगळंच बदलता येतं, हे चांगलं पण आहे आणि धोक्याचं पण, कारण एक अख्खा रविवार मी गाणं न करता शॉर्टकट लावण्यात घालवला आणि संध्याकाळी फार काम केल्यासारखं वाटलं.

आणि वाद्यं म्हणून सोबत जवळपास काही येत नाय. डाउनलोड एवढुसं आहे त्याचं कारणच ते. माझं बरंचसं काँटॅक्ट या बाहेरच्या वाद्यांच्या प्लगइनवर होतं म्हणून निभावलं. एफएलमधे काँटॅक्टचे सगळे आवाज मल्टी म्हणून (काँटॅक्टची स्वतःची फाइल) त्याच्याच आतून सेव्ह करून ठेवले आणि इकडं तसेच उघडले. एफएलचा प्रीसेट म्हणून सेव्ह केले असते तर इकडं उपयोग शून्य.

आता ज्याच्यासाठी हा सगळा तमाशा केला ते. अण्णांचं मूळ, न कापलेलं सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घेतलं. रीपरमधे एका आवर्तनाएवढा भाग सिलेक्ट करून त्याला सांगता येतं की हा एक बार समज, मग तो स्वतः टेम्पो काढून तिथं मार्कर ठेवतो. दर चार आवर्तनांना एक करत गेलो. तिसऱ्याच मार्करला संबळाचा आवाज आपोआप ताणला जायला लागला, परत इस्त्री! डोकं फिरलं. कारण असं की सुरुवातीला रीपरचा टाइमबेस, म्हणजे फाइल कशाला धरून बसते ते सेटिंग, बीट्सवर असतो, म्हणजे टेम्पो बदलला की आवाजाची फाइल पण त्याच्याबरोबर हलते आणि ताणते. प्रोजेक्ट सेटिंगमधे तो 'टाइम' केला की फाइल जागची हलत नाय, फक्त ग्रिड हलते. हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती, म्हणून इथं ठळक समजा.

एकूण ३७ मार्कर. पहिला ९२.४, शेवटचा १०४.१, आणि मधे एका ठिकाणी, जिथं अण्णा देवीचं नाव घ्यायला श्वास घेतात, तिथं टेम्पो चक्क तीनने खाली येऊन परत उसळी घेतो. मी एफएलमधे बरोबर तीच जागा सगळ्यात जास्त मेहनत करून सपाट केली होती.

ग्रिड अशी वाकवल्यावर बास आणि स्ट्रिंग्जच्या मिडी नोटांचा टाइमबेस बीट्सवर ठेवला, त्या आपोआप अण्णांच्या मागं चालायला लागल्या. राहिली सायट्रसची सनई, तिची तर आवाजाची फाइल ९६ला गोठलेली. तिथं उपाय असा निघाला की एफएल स्टुडिओ स्वतःच प्लगइन म्हणून रीपरच्या आत उघडता येतं आणि रीपरच्या टेम्पोवर चालतं. म्हणजे सोडायला निघालेलं घर नवीन घराच्या एका खोलीत. स्लाइड नोटा जशाच्या तशा, लयीबरोबर चढत्या. जड होतं हे खरं, पीसीला दम घ्यायला बफर ५१२वर न्यायला लागला, त्यानं आवाज जरा उशिरा येतो, पण रेकॉर्डिंग झालेलं होतं म्हणून चाललं.

कोरसचं काम मात्र ज्या दिवशी केलं त्या दिवशी सगळे कष्ट वसूल झाले. २०२३मधे रीपर ७ आलं त्यात लेन आहेत, प्रत्येक टेक खालोखाल आपापल्या लेनमधे पडतो आणि कुठला तुकडा कुठून घ्यायचा ते नुसतं माउस ओढून. आठही बायकांना एका फोल्डर ट्रॅकमधे टाकलं, कॉम्प्रेसर त्या फोल्डरवर एकच. एक ओळ आधी मला ४० मिनिटं लागायची, ती दहा-बारावर आली.

अजून एक छोटी गंमत. ऑगस्टमधे डिस्क भरली म्हणून सगळे सॅम्पल दुसऱ्या ड्राइव्हवर टाकले आणि रीपर प्रत्येक फाइल कुठंय विचारायला लागलं. रीपरचा प्रोजेक्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमधे उघडली, जुन्या ड्राइव्हचा पत्ता शोधून नवीन टाकला, रिप्लेस ऑल, उघडलं, सगळं जागेवर. मला असल्या गोष्टींचा विनाकारण आनंद होतो.

हिशोब सांगायचा तर दोन अर्धी गाणी हलवायला ११ दिवस गेले आणि तीन नवीन गाणी थेट रीपरमधे १९ दिवसांत झाली. परत वेळ आली तर अर्धी गाणी मी हलवणार नाय, ती जुन्यातच संपवीन आणि नवीन गाणं नवीन ठिकाणी सुरू करीन. गोंधळाचं हे एक गाणं सोडून, ते हलवायलाच लागलं असतं. लायसन्स ऑगस्टच्या शेवटी ॲडव्हान्स मिळाल्यावर घेतलं. एफएल अनइन्स्टॉल केलेलं नाय, डीजेवाल्यांचं काम अजून तिथंच करतो, जुने शे-सव्वाशे प्रोजेक्ट तिथंच आहेत आणि ते हलवायची माझी अजिबात इच्छा नाय.

सप्टेंबरच्या २१ तारखेला अण्णांना परत बोलावलं. शनिवार होता, खाली माग चालूच होते, खिडकी लावून घेतली. या वेळी पूर्ण सहा मिनिटं ऐकलं, शेवटी लय चढली तिथं मांडीवर बोटं चालायला लागली. संपल्यावर मी काही विचारलं नाय, तेच म्हणाले, "संबळ माझंय हे." मग जरा थांबून, "तुणतुणं दाबलायस की पार. ते वर घे."

चार डीबीनं वर घेतलं.